वशिंडाचा गेंडा

आमच्या घरात गेंडा शिरला तो सिनेमातून. मी अल्लीपूरची, लग्न होऊन सिंदीला आले त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. वर्ध्याच्या टॉकीजला एक परदेशी सिनेमा लागला, हिंदीत बोलणारा. जंगलाच्या रखवालदाराच्या घरी आई मेलेलं गेंड्याचं पिल्लू येतं, त्याच्या लेकरांसोबत वाढतं, आणि शेवटी पूर येतो तेव्हा लेकरं बसलेला तराफा खांद्यानं लोटत काठाला लावतं आणि स्वतः वाहून जातं. एवढीच गोष्ट. पण गावात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. अखेर मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, किराण्याचं दुकान भरदुपारी बंद केलं आणि मला, माझ्या यजमानांना, शेजारच्या कापूसवाल्या शेटजींना आणि त्यांच्या अख्ख्या गोतावळ्याला जीपमध्ये कोंबून वर्ध्याला नेलं.

मामाजी म्हणजे करडा माणूस. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या, त्यामुळे त्यांना कोणी टोकणारंही उरलं नव्हतं. गिऱ्हाईक एक पाव गूळ मागायला आलं तरी आधी त्याच्या चपला पायरीखाली काढायला लावत. असा माणूस अंधारात दुपट्टा डोळ्यांना लावून बसलेला मी पाहिला. पलीकडे शेटजी तर नाक ओढत होते. बाहेर आल्यावर मामाजी म्हणाले, "टाकीजमंधी धूळ लय हाये बाप्पा." मी हसू दाबलं. नवी सून होते, दाबावं लागत असे.

मी तेव्हा पोटुशी होते. परतताना जीपमध्ये मामाजी म्हणाले, "नातू झाला का त्यालेही दाखवू हा सिनेमा." पोटात नातूच आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. झाली मुलगी.

त्यांनी तिचे लाड केले नाहीत असं मी म्हणणार नाही. गादीवर शेजारी बसवत, खडीसाखरेची बरणी तिच्यापुढे उघडी ठेवत. पण माळ्यावर एक लाकडी बैल होता, त्याला तिला हात लावू देत नसत. तो बैल मामाजींच्या आजोबांच्या वेळचा, सागवानी, चाकांवर उभा, शिंगांना पितळी टोपणं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागात लेकरांचा पोळा भरतो, तान्हा पोळा. मोठी माणसं पोळ्याला खरे बैल सजवून तोरणाखाली उभे करतात, तशी लेकरं दुसऱ्या दिवशी लाकडाचे बैल ओढत आणतात, मग घरोघर जाऊन बोजारा म्हणून खाऊ आणि चिल्लर गोळा करतात. गावाचा मोठा तान्हा पोळा वेगळा. हा आमच्या ओळीतल्या, म्हणजे गल्लीतल्या, लेकरांचा, मारुतीच्या देवळापुढचा. त्यात सगळ्यांच्या पुढं उभं राहण्याचा मान आमच्या घरचा होता. मामाजी लहानपणी त्या जागी उभे राहिले, माझे यजमान राहिले. यजमानांना मिशी फुटल्यापासून ती जागा मोकळी होती.

मोकळी म्हणजे अगदी मोकळी. लेकरांची रांग लागे आणि तिच्यापुढं एका बैलापुरती जागा सोडलेली असे. कोणी विचारलं तर मामाजी सांगत, "नातू येऊन राह्यला ना, त्याची हाये." दरवर्षी हे ऐकून मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आपटायची. मुलगी माझ्या कडेवरून, मग माझं बोट धरून, मग रांगेच्या मागं एकटी उभी राहून दुसऱ्यांचे बैल पाहायची.

ती पहिलीत गेली त्या वर्षी गेंडा पुन्हा आला, या खेपेला टीव्हीवर. त्याच सिनेमावरून कोणीतरी कार्टूनची मालिका काढली होती. दर रविवारी सकाळी सरकारी चॅनलवर लागायची. सिनेमातला गेंडा चिखलाच्या रंगाचा आणि मुका. हा जांभळट, पोट सुटलेला आणि बोलायला पटाईत. रखवालदाराच्या घरात राहायचा, दर आठवड्याला काहीतरी मोठं काम अंगावर घ्यायचा आणि त्याचा पार विचका करायचा.

पहिल्या रविवारी मामाजी चहाचा कप घेऊन सहज आत आले आणि पडद्यापुढं थबकले.

"हा तं मेला होता."

"मामाजी, हे कार्टून आहे," मी म्हटलं.

"कार्टून असो का काही असो. मेला होता का नाई? तू होती ना संग?"

"हे त्याच्या आधीचं असंल, आबाजी. तो लहान आहे ना अजून," मुलगी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

मामाजींनी यावर बराच विचार केला. मग चहा तिथंच बसून प्यायला. दुसऱ्या रविवारी ते वेळेवर आले. तिसऱ्या रविवारी गादीवर नोकराला बसवून आले, आणि हे दुकानाच्या इतिहासात कधी घडलं नव्हतं. नातीसोबत पोटभर हसायचे आणि जाहिरात लागली की चेहरा पुन्हा गिऱ्हाइकाला दाखवायचा तसा करायचे. एकदा मला हळूच विचारलं, "सूनबाई, शेवटी पुन्हा पूर दाखवतीन का वो हे लोक?" मी म्हटलं, लेकरांच्या मालिकेत नाही दाखवत असं. त्यांना केवढं हायसं वाटलं! दिवसभर गिऱ्हाइकांना वजनाहून चिमूटभर जास्त देत होते.

दुकानात तर वादच पेटला. साखर घ्यायला आलेला माणूस साखर विसरून सांगे की हा दुसराच गेंडा, पहिल्याचा भाऊ. शेटजींचं म्हणणं, हा त्याचा मुलगा. मामाजी ठामपणे सांगत, "तोच हाये. हे आधीचं हाये." नातीनं दिलेलं उत्तर ते स्वतःचं म्हणून खपवत होते, आणि तिला त्याचा भारी अभिमान.

श्रावण अर्ध्यावर आला आणि मुलीनं जेवताना जाहीर केलं, "आबाजी, मी तान्ह्या पोळ्यात जाणार. गेंडा घेऊन."

यजमानांना ठसका लागला. मामाजींनी घास खाली ठेवला.

"पोळा बैलाचा असते, माय."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? बैल वर्सभर राबते. त्याच्या खांद्यावर जू असते. त्याचा मान करा लागते म्हून पोळा." मग हसून म्हणाले, "तुह्या गेंड्याच्या खांद्यावर कधी जू आलं का?"

तिनं खूप आठवलं. नव्हतं आलं.

"आलं तर?" ती म्हणाली.

"आलं तं पाहू."

मला माझ्या सासऱ्यांचं "पाहू" चांगलं ठाऊक होतं. उधारी मागणाऱ्यालाही ते हेच सांगत. रात्री यजमान मला समजावायला लागले, की बाबाजींचं वय झालं, जाऊ दे, पोरगी चार दिवसांत विसरते. मी म्हटलं, पोरगी विसरेल हो, मी नाही विसरणार. माझा स्वभाव तसा वाईटच आहे. दुसऱ्याच दिवशी भाजी आणायच्या निमित्तानं मी मुलीला घेऊन सुताराकडे गेले.

सुताराच्या ओसरीवर तान्ह्या पोळ्याचे बैल रांगेनं वाळत होते. मुलीनं त्याला गेंडा समजावला. नाकावर शिंग, जाडे पाय, लोंबतं पोट. कोळशानं फरशीवर काढूनही दाखवला. त्यानं मान डोलावली. पोळ्याच्या आदल्या रविवारच्या पहाटे तो गेंडा फडक्यात गुंडाळून मागच्या दारानं घेऊन आला. आम्ही फडकं सोडलं आणि मुलीचा चेहरा पडला. नाकावर शिंग होतं, पाय जाडे होते, पोट तर सुरेखच सुटलेलं. पण मानेमागं हे एवढं थोरलं वशिंड!

"अहो, गेंड्याला वशिंड कुठं असतं?" मी म्हटलं.

सुतार गेंड्याकडं पाहत राहिला. जन्मभर बैलच घडवलेले; हात आपोआप तिथं फुगवटा सोडून पुढं गेला असणार. पण चूक कबूल करणं त्याच्याही स्वभावात नव्हतं. "वशिंड नाई तं जू कुठं अडकन, बाई?" असं मलाच विचारून तो निघून गेला. मुलगी रडायला लागली. मी तिला म्हटलं, झूल पांघरली की दिसणार नाही. ते खोटं होतं, वशिंड झुलीतून उंटासारखं वर येत होतं. गेंडा आम्ही कोठीत सरकीच्या पोत्यांमागं लपवला.

त्याच सकाळी मालिकेचा तो भाग होता ज्याची मुलगी आठवडाभर वाट पाहत होती. मागच्या रविवारी संपता संपता त्यांनी एक झलक दाखवली होती, गेंड्याच्या मानेवर जाड दोर आणि मागं काहीतरी अवजड अडकलेलं. तेव्हापासून तिचा सगळा जीव त्या दोरात. "आबाजी, जू येणार," असं ती रोज सांगे. मामाजी म्हणत, "दोर येगळा, जू येगळं." आम्ही तिघं पडद्यापुढं बसलो, गाणं वाजलं, गेंडा धावत आला आणि लाईन गेली.

मुलगी ओरडलीसुद्धा नाही. नुसती काळ्या पडद्याकडं पाहत बसली. मला वाटलं, आता मामाजी उठून दुकानात जातील आणि विषय संपेल. ते उठले. पण दुकानाकडं न जाता अंगणात जाऊन मुलाच्या नावानं गरजले, "ट्रॅक्टरची बॅटरी काढ बे! अन् गोदामातला लहान टीव्ही आन!"

जुना काळा-पांढरा टीव्ही गोदामात ढेपेच्या पोत्यांवर पडून होता, तो बॅटरीवर चालायचा. पुढची दहा मिनिटं आमच्या घरात जे चाललं ते मी कधी विसरणार नाही. यजमान बॅटरी छातीशी धरून धावताहेत, बनियनला तेल. मामाजी धोतर खोचून गच्चीवर अँटेना फिरवताहेत आणि वरून विचारताहेत, "आला का? आला का?" दुकानातली गिऱ्हाइकं काय झालं म्हणून आत आलेली आणि प्रत्येक जण वायर कुठं लावायची ते सांगणारा. मुलगी जिन्यात उभी राहून खालचं वर आणि वरचं खाली ओरडून कळवत होती. एकदाचं चित्र उमटलं, मुंग्यांनी भरलेलं, आणि मामाजी वयाच्या मानानं फार वेगानं खाली उतरले.

शाळेची बस चिखलात रुतली होती. आत लेकरं. गेंडा सांगत होता की मी ओढतो, आणि शेजारचा शेतकरी त्याच्या मानेवर चक्क जू चढवत होता.

"जू!" मुलगी किंचाळली. "आबाजी, जू आहे!"

मामाजी पुढं सरकले. पडद्यावर गेंड्यानं जोर लावला आणि जू त्याच्या गुळगुळीत मानेवरून घसरून नाकावर, शिंगात येऊन अडकलं. पुन्हा चढवलं, पुन्हा घसरलं. टीव्हीतले सगळे हसत होते. आमचे मामाजी मात्र तावातावानं उठले. "अरे, वशिंडच नाई तं जू थांबन कसं? काही समजते का ह्याईले!"

मुलगी भर कार्टून सोडून उठली, कोठीत पळाली आणि सरकीनं माखलेला लाकडी गेंडा दोन्ही हातांनी ओढत घेऊन आली.

"याला आहे, आबाजी!"

मामाजींनी गेंड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी पदर नीट केला आणि भिंतीकडं पाहू लागले. त्यांनी गेंड्याच्या वशिंडावरून हात फिरवला, बैल विकत घेताना फिरवतात तसा. मागं पडद्यावर गेंड्यानं जू भिरकावून दिलं होतं आणि खांदा लावून बस चिखलाबाहेर काढली होती. लेकरं टाळ्या पिटत होती.

"मग?" मुलगी म्हणाली.

"पाहू म्हनलं ना," असं म्हणून ते दुकानात गेले.

पोळा झाला. आमच्या शेतावरची जोडी तोरणाखालून जाऊन पुरणपोळी खाऊन आली. मामाजींनी गेंड्याचा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते नेहमीसारखे पांढरा सदरा घालून देवळापुढं जाऊन बसले, कारण तान्ह्या पोळ्यात कोण कुठं उभं राहील, बक्षीस कोणाला, हे ते आणि शेटजी दोघंच ठरवत. यजमान मला म्हणाले, नको पाठवू, पोरगी चारचौघांत रडेल. मी मुलीला नवा परकर-पोलका घातला, गेंड्याच्या गळ्यात घुंगरांची माळ बांधली, वशिंडावर चंदेरी बेगड चिकटवली आणि दोघांना घेऊन निघाले.  आवाज मी चढाच ठेवला होता, वाटेत भेटेल त्याला "गेंडा आहे, गेंडा" म्हणून सांगत होते.

मुलगी जाऊन रांगेच्या अगदी शेवटी उभी राहिली. पोरं वळून पाहायला लागली, हसायला लागली. शेटजी उठून आले.

"हे काय होय?"

"गेंडा," मुलगी म्हणाली.

"गेंड्याले वशिंड असते का? हा ना बैल, ना गेंडा. अन् बैलाच्या पोळ्यात याचं काय काम? जाय माय, तिकडं माईजवळ उभी राह्य."

मुलीनं दोरी दोन्ही मुठींत घट्ट धरली.  मी पदर खोचला. आता सासरे बसले आहेत की कोण बसलं आहे याचा मी विचार करणार नव्हते. पण मामाजी माझ्याआधी उठले. सावकाश चालत रांगेच्या शेवटी आले आणि दुकानात गिऱ्हाइकाला विचारतात तशा कोरड्या आवाजात नातीला म्हणाले, "ह्यानं काय काम केलं, सांग सगळ्याईले."

 ती एकदम सुटली. शाळेची बस रुतली होती, आत लेकरं होती, मानेवर जू घातलं, ते थांबेना, मग यानं खांदा लावला. एका दमात सांगितलं.

"आयकलं का?" मामाजी शेटजींना म्हणाले. "अन् तराफा कोनं लोटला होता पुरात? जीव गेला त्याचा लेकराईपाई."

"अहो, तो सिनेमा होता!"

"सिनेमाच होता. मंग तुमी काऊन रडले होते? माह्या बाजूलेच तं बसले होते."

देवळापुढं असा हशा पिकला की शेटजींनाही हसण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. "बरं बाप्पा, राहू द्या," ते हात जोडून म्हणाले. "उभी राहू द्या मांगं. समोर तुमच्या नातवाची जागा हाये, ते तशीच ठेवू."

 रांगेच्या पुढच्या त्या मोकळ्या जागेकडं मामाजींनी पाहिलं, मग मुलीकडं. बोलले तेव्हा तो आवाज दुकानातला नव्हता.

"ते जागा नातवाची नाई. माह्या घरच्या लेकराची हाये. लेकरू एवढं मोठं झालं, अन् म्या त्याले मांगं उभं ठेवलं." मग वाकून तिला म्हणाले, "चाल माय, समोर. तुह्या घरचा मान हाये."

ती जागची हलेना. तिला वाटलं, रांगेतून काढताहेत. मामाजींनी तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि दोघांनी मिळून दोरी ओढली. गेंड्याची चाकं खडखडत निघाली, पोरं बाजूला होत गेली, आणि माझी मुलगी सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली. मी भर चौकात रडले. इतकी वर्षं भांडी आपटली, पण रडले तेव्हाच. आनंद मावत नव्हता मला, तो कुठं ठेवावा ते कळत नव्हतं.

बक्षीस तिला मिळालं नाही, ते शेटजींच्या नातवाच्या बैलाला मिळालं, आणि बैल खरंच देखणा होता. आम्हाला पुढं दुसरं मूल झालं नाही. मामाजींनी त्याबद्दल परत कधी चकार शब्द काढला नाही. श्रावण लागला की ते गादीवरूनच तिला हाक मारायचे, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं.

"यंदा समोर काय आनशीन, माय?"